स्टेशनांची नावं जोडून गाणं होतं का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. कांदिवलीतल्या तुमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात म्हणायला तुम्ही मुंबईवर गाणं लिहिलंय. पहिल्या कडव्यात लोकलची स्टेशनं, दुसऱ्यात खाण्याचे पदार्थ, तिसऱ्यात सण. धाकट्या भावाने वाचून ‘ही तर वाण्याची यादी झाली’ म्हटलं आणि तुम्ही खट्टू झालात. म्हणून विचारताय, नुसत्या नावांचं गाणं होतं का, एका गाण्यात किती नावं चालतात, आणि चाल आधी करावी की यादी.

जिंगल, बालनाट्यांची गाणी आणि भजनांचे अल्बम यांवरच माझं पोट आहे आणि या तिन्ही ठिकाणी यादीशिवाय पान हलत नाही. जिंगलवाल्याला सगळे स्वाद हवे असतात, भजनवाल्याला सगळी तीर्थक्षेत्रं, बालनाट्यवाल्याला जंगलातले झाडून सगळे प्राणी. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो: होतं. सावता माळ्यांनी कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर एवढ्या भांडवलावर अभंग रचला आणि तो आजही घरोघरी म्हटला जातो. आपल्या राष्ट्रगीताचा मधला भाग काय आहे? प्रांत, पर्वत आणि नद्यांची नावं. तेव्हा यादी आहे म्हणून गाणं पडलं, असं समजू नका.

भावाला खटकलं ते वेगळंच असावं असं मला वाटतं. तुम्ही दिलेल्या ओळी अशा आहेत: ‘बोरिवली, कांदिवली, दादर, गोरेगाव / अंधेरी नि परळ, लालबाग, मुंबई माझं गाव’. यातलं दादर काढून तिथे माहीम घातलं तर काय बिघडेल? काहीच नाही. परळ आणि अंधेरीची अदलाबदल केली तर? तरीही नाही. ऐकणाऱ्याला हे दुसऱ्याच ओळीत कळतं आणि पुढचं नाव कुठलं येणार याची त्याला पर्वा उरत नाही. यादीच्या गाण्यात सगळा खेळ तेवढाच असतो. समोरचा माणूस पुढच्या नावाची वाट बघतोय का? बघत असेल तर पन्नास नावं खपतात, नसेल तर तिसऱ्या नावाला तो मोबाइल काढतो.

वाट बघायला लावायची कशी? मी स्वतः आधी क्रियापद शोधतो. गोंधळी संबळाच्या ठेक्यावर देवांना बोलावतो ते आठवा. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, प्रत्येकाला तेच आवतण: गोंधळाला ये. रचना म्हणून बघाल तर गावाचं नाव, देवाचं नाव आणि एक ‘ये’, बस. पण अंगणात बसलेली प्रत्येक बाई आपल्या कुलदैवताचं नाव कधी येतंय याकडे कान लावून असते. ते राहिलं तर गोंधळ्याची धडगत नाही. एका ‘ये’मुळे ती यादी हाक होते. ‘इजाजत’ (१९८७) मधलं गुलजारांचं ‘मेरा कुछ सामान’ घ्या. पावसाळी दिवस, पत्रात गुंडाळलेली रात्र, खांद्यावरचा तीळ अशा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी तिथे शेजारी बसतात, कारण त्या सगळ्या परत मागितल्या जाताहेत. ‘लौटा दो’ काढून बघा, सगळं विस्कटेल. राज्यगीतात राजा बढ्यांनी रेवा, वरदा, कृष्ण, कोयना, भद्रा, गोदावरी अशा नद्या एका ओळीत मोजल्या आणि पुढच्याच ओळीत त्यांना मातीच्या घागरी भरायला लावलं. नद्या नकाशावरून उतरून कामाला लागल्या.

तुमच्या कडव्यात क्रियापदच नाही. स्टेशनं नुसती उभी आहेत.

दुसरी गोष्ट क्रमाची. राष्ट्रगीतात पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग हा क्रम नकाशावर बोट ठेवून बघा. वायव्येकडून निघून पश्चिम किनाऱ्याने खाली, दक्षिणेला वळसा, पूर्व किनाऱ्याने वर. हे १९११ मध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, आणि एवढ्या पिढ्यांनी ते शाळेच्या मैदानावर न चुकता म्हटलं त्यात या क्रमाचा वाटा आहे असं मला नेहमी वाटतं. यादी पाठ होते ती अशी, बोट कुठे सरकतंय ते माहीत असलं की. तुमच्याकडे तर त्याहून सोपी सोय आहे. मुंबईकराला पश्चिम रेल्वेचा क्रम पाढ्यासारखा येतो. कांदिवलीनंतर दादर म्हटलंत की त्याच्या डोक्यात गाडी रुळांवरून घसरते. निव्वळ ‘गाव’ला यमक हवं म्हणून गोरेगाव ओळीच्या शेवटी नेलंत, हे श्रोत्याला ताबडतोब दिसतं, आणि यमकासाठी केलेली ओढाताण दिसली की गाणाऱ्यावरचा विश्वास उडतो.

पण क्रम नुसता बरोबर असून भागत नाही. तो नीट बसला की कुठेतरी मोडावाही लागतो, आणि तो कुठे मोडायचा यात गीतकाराची खरी परीक्षा आहे. याचा मला माहीत असलेला सगळ्यात चोख नमुना म्हणजे एकनाथांचं ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’. वरवर बघितलं तर सासरच्या माणसांची यादी. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर. इथपर्यंत तीन माणसं, तीन भयंकर शिक्षा, आणि ऐकणारा सरावला. आता नणंदेचं पोर किरकिर करतं म्हटल्यावर आपण श्वास रोखतो, की या लेकराला ही बाई काय शिक्षा मागणार? आणि ती मागते खरूज! सगळा मांडव हसतो. त्या हसण्यात सगळे बेसावध असताना लगेच दादल्याचा नंबर लागतो, त्याची तर आहुतीच. मग शेवटी ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला’. अख्खी यादी एका ओळीत पुसली आणि विनोदाच्या तळाशी असलेला परमार्थ उघडा पडला.

खरजेची जागा बघा. ती पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत आली असती तर हसू आलं नसतं, कारण तोवर शिक्षेचं माप ठरलेलं नव्हतं. अगदी शेवटी आली असती तर भारूड चुटक्यावर संपलं असतं. ती शेवटून तिसरी आहे. बालनाट्याच्या तालमीत मी नटांकडून हे भारूड नुसतं बोलून घेतो. विनोदाचं टायमिंग शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

हीच युक्ती पार दुसऱ्या टोकाला, मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या १७८७ सालच्या ऑपेरात दिसते. नोकर मालकाच्या लफड्यांची वही वाचून दाखवतो: इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१. आकडे उतरत आलेत, आपल्याला वाटतं आटपलं. आणि स्पेनमध्ये मात्र १००३. नाथांनी माप एकदम खाली आणलं, इथे एकदम वर नेलं, एवढाच फरक.

आता मीटरकडे, म्हणजे ओळीच्या मापाकडे येतो, कारण यादीची गाणी निम्म्याहून जास्त इथेच अडखळतात. बाकीच्या गाण्यात शब्द बसला नाही तर दुसरा घेता येतो. यादीत ती मुभा नसते, मालाडला पर्यायी शब्द नाही. म्हणून आधी नावं मोजून घ्यावी लागतात, ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन. दादर, वांद्रे, दहिसर चार मात्रांची. मालाड आणि माहीम पाच. अंधेरी, कांदिवली, बोरिवली सहा. आणि गंमत म्हणजे गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी ही लागोपाठची तीन स्टेशनं सात-सात मात्रांची आहेत. अक्षराची मात्रा आणि तालाची मात्रा एकच धरली तर कांदिवली-बोरिवली सहा मात्रांच्या दादरा तालात जातात, दादर आठ मात्रांच्या केरव्यात जातं, आणि २०१६ मध्ये उघडलेलं राम मंदिर सात मात्रांच्या रूपक तालाच्या तीन-दोन-दोन अशा खंडांत इतकं बिनबोभाट बसतं की रेल्वेत कोणी तबलजी असावा अशी शंका येते. गाताना अक्षर ओढता-आखडता येतं, त्यामुळे हे कोष्टक काळ्या दगडावरची रेघ नाही. पण चार आणि सात मात्रांची नावं एकाच मापाच्या जागेत कोंबलीत तर गायक एक ओढेल आणि दुसरं गिळेल, हे नक्की.

मात्रा जमल्या तरी तोंडात काय होतं ते वेगळंच. ‘माहीम, माटुंगा’ भरभर म्हणून बघा. पहिल्या नावाच्या शेवटी ओठ मिटतात आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तिथूनच उघडावे लागतात. लयीत म्हटलं की ‘माहीमाटुंगा’ असं एकच स्टेशन ऐकू येतं. अशा ठिकाणी मी मध्ये तबल्याचा एक ठोका किंवा ‘मग’, ‘हो’ असं काहीतरी टाकतो. लिहिलेली यादी चालीशिवाय, नुसत्या टाळीवर मोठ्याने म्हणायची, जीभ अडखळेल तिथे पेन्सिलची खूण करायची आणि श्वास कुठे घेणार ते त्याच वेळी ठरवायचं. यादीत वाक्य संपत नाही, त्यामुळे गायकाला दम घ्यायला जागा मिळत नाही. स्टुडिओत चौथ्या टेकला नावं गळायला लागतात ती बहुधा याच कारणाने. विसरतो तो गायक, पण जागा ठेवलेली नसते ती गीतकाराने.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: क्रियापद, माणसाला आधीच ठाऊक असलेला क्रम, तो मोडण्याची एक नेमकी जागा, आणि तोंडात बसणारी नावं.

तुमच्या गाण्याला हे लावून बघू. गाडी कुठल्या दिशेची आहे ते पहिल्यांदा ठरवा. सकाळची चर्चगेटकडे जाणारी घेतली तर ‘बोरिवली, कांदिवली’ ही तुमची सुरुवात तशीच राहते, फक्त पुढे मालाड, गोरेगाव असं जावं लागेल. पण मी संध्याकाळची घेईन. ऐकणारे सगळे कांदिवलीचे आहेत. चर्चगेटहून निघालेलं गाणं कांदिवलीला पोचणार हे त्यांना पहिल्या नावालाच कळेल आणि गोंधळातल्या बाईसारखे ते आपल्या नावाची वाट बघायला लागतील. पहिल्या कडव्यात धीमी गाडी करा, एकेक स्टेशन मोजत या, आणि मालाडनंतर थांबा. ‘कांदिवली’ कोरसला म्हणू द्या. शिकवायचीही गरज नाही, समोरचे लोक आपणहून ओरडतील.

दुसऱ्यांदा स्टेशनं येतील तेव्हा फास्ट गाडी करा, लय दुप्पट. चर्चगेट, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी. ज्यांची नावं आली नाहीत ती स्टेशनंही इथे ऐकू येतात, कारण ती आत्ताच मोजून झालीत. आणि तुमचा नायक अंधेरीनंतर थेट बोरिवलीला थांबणाऱ्या गाडीत चढलाय! लोक ‘कांदिवली’ म्हणायला तोंड उघडतात आणि गाडी धडधडत पुढे. कच्च्या ओळी देतो, चालीप्रमाणे घासूनपुसून घ्या:

चर्चगेट, सेंट्रल, दादर, वांद्रे,
अंधेरीला पाय अडकला,
घराचा फलाट डोळ्यांदेखत
दारामधून मागे पडला!

मग बोरिवलीला उतरायचं, पूल चढायचा, धीम्या गाडीने एक स्टेशन मागे यायचं. म्हणजे बोरिवली, कांदिवली. तुमची मूळ ओळ जशीच्या तशी परत आली, पण या वेळी तिला कारण आहे. तुमच्या सोसायटीत हे एकदाही न घडलेला माणूस शोधून दाखवा.

खाण्याच्या कडव्याबद्दल. ‘वडापाव, मिसळपाव, कांदाभजी, चहा’ यांना क्रम नाही, म्हणून ते कडवं पहिल्यापेक्षा लंगडं आहे. इथे भोंडला कामी येतो. ‘अक्कण माती चिक्कण माती’ मध्ये वस्तू एकमेकींना जन्म देतात. मातीत जातं रोवायचं, जात्यावर सपीटी, सपीटीच्या करंज्या, करंज्या ताटात, ताटावर शेला, शेला माहेरी. प्रत्येक वस्तू सुरेख, आणि शेवटी एकदम द्वाड सासर. वडापावाचीही अशी साखळी करता येईल, बटाट्यापासून गाडीवरच्या कागदापर्यंत. ते जमलं नाही तर खिरापत करा. भोंडल्यात डब्यातला पदार्थ ओळखायला लावतात ना, तसं गायकाने पदार्थाचं नाव न घेता वर्णन करायचं आणि लोकांनी नाव सांगायचं. गणपतीत हे हमखास रंगतं, प्रसादाचा वास येत असला तर अधिकच.

सणांचं कडवं काढून टाका. दिवाळी, होळी, ईद, नाताळ ही ओळ मुंबईवरच्या प्रत्येक गाण्यात असते आणि ती कुणी ऐकत नाही.

किती नावं, याचं उत्तर गाणं कुठे वाजणार यावर आहे. वीस सेकंदांच्या जिंगलमध्ये पाच-सहा नावांच्या वर मी जात नाही. एका ग्राहकाने हट्टाने सगळी चौदा उत्पादनं घालून घेतली होती, आणि जाहिरात वाजल्यावर लोकांना लक्षात राहिला तो फक्त ढोलकीचा तुकडा. मंचावर, समोर माणसं असताना आणि कोरस असताना दुप्पट-तिप्पट नावं सहज जातात, कारण लोक ऐकत नसतात, म्हणत असतात. मुलांना तर यादी जितकी लांब तितकी प्यारी, एक प्राणी चुकला तर तीच दुरुस्त करतात. उलट हेच गाणं तुम्ही नागपुरात नेलंत तर जोगेश्वरी आणि मालाडमध्ये तिथे कुणाला फरक कळणार नाही. तिथे नावं निम्मी करा आणि माणसाची फजिती वाढवा.

यादी जुनी होते, ही भीती मात्र बाळगू नका. ‘सीआयडी’ (१९५६) मधल्या मजरूह सुलतानपुरींच्या गाण्यात मुंबईची यादी आहे, ‘कहीं बिल्डिंग कहीं ट्रामें, कहीं मोटर कहीं मिल’. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकेक करून गेल्या. गाणं मात्र कुणी मोडीत काढलं नाही, कारण त्या यादीचं काम पुढच्या ओळीसाठी होतं: इथे सगळं मिळतं, एक दिल मिळत नाही. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तेव्हा स्टेशनांची गाणी लिहिणाऱ्यांना तेवढं एक नाव बदलावं लागलं असेल. तुमच्याही गाण्यात उद्या एखादं स्टेशन वाढलं तर धीम्या गाडीच्या कडव्यात ते घालायला जागा आहे.

राहिला प्रश्न चाल आधी की यादी आधी. एरवी मी चालीवर लिहितो, डमी शब्द टाकून संगीतकार चाल देतो आणि मी भरतो. यादीच्या गाण्यात उलटं करतो: नावं आधी, टाळीवर, मग चाल. नावं बदलता येत नाहीत, चाल बदलता येते. तुम्ही चाल आधीच बसवली असेल तर ती कुठल्या ठेक्यात आहे आणि कोरसमध्ये लहान मुलं आहेत की मोठी माणसं, ते लिहून कळवा. केरवा असेल तर गोरेगाव, राम मंदिर आणि जोगेश्वरी या तिघांची आधी कुठेतरी सोय लावावी लागेल.